पबमेडच्या आधीचे डॉ. बिलिंग्ज

वेबचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण १९८९ सालच्या जिनिव्हापासून सुरुवात करतात. तिथल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली, हे खरंच. पण या जाळ्यावर आपण दिवसभर करतो काय? शोधतो. नातेवाईक मोबाइल पुढे करून ‘डॉक्टर, इथे असं लिहिलंय’ म्हणतात, तेही शोधून आलेले असतात. कुणी काय लिहून ठेवलंय ते चटकन हाती लागावं, ही खटपट संगणकापेक्षा फार जुनी आहे. वैद्यकात तिचं एक मोठं मूळ अमेरिकन सैन्यातल्या एका सर्जनपाशी सापडतं. डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज हे त्यांचं नाव.

त्यांचा जन्म १८३८ चा, इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी वस्तीतला. मुलाला पुस्तकांचं वेड. एका पुस्तकात लॅटिन वाक्यं आडवी आली, तर शब्दकोश मिळवून तो स्वतःच लॅटिन शिकायला बसला. कॉलेजला पाठवायचं तर पैशांची अडचण होती. तेव्हा त्याने वडिलांशी करार केला: मला शिकवा, मग घरची मालमत्ता सगळी बहिणीला द्या. पुढे सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेजात एक हिवाळा त्याने जवळपास दूध आणि अंडी यांवरच काढला. आयुष्यभर प्रकृतीने जो त्रास दिला, त्याची सुरुवात या उपासमारीत असावी असं त्यांच्या चरित्रकाराला वाटलं.

१८६० साली पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय होता मिरगीवरची शस्त्रक्रिया. त्या काळी मिरगीच्या काही रुग्णांच्या कवटीला भोक पाडत. याने झटके थांबतात की रुग्ण दगावतो, हे ठरवायचं तर आजवर असे किती रुग्ण झाले, किती बरे झाले आणि किती गेले, हे सगळं एकत्र बघायला हवं. चार यशस्वी शस्त्रक्रियांची वर्णनं वाचून काही सिद्ध होत नाही. बिलिंग्ज सिनसिनाटी, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत महिनोन् महिने पानं उलटत राहिले. वेगवेगळ्या देशांतल्या नियतकालिकांत विखुरलेल्या या नोंदी एका जागी मिळतील असं ग्रंथालय अमेरिकेत कुठेच नव्हतं. जी पुस्तकं होती, त्यांतही नेमकं काय कुठे आहे हे सांगणारी सूची नव्हती. माहिती होती, पण ज्याला हवी त्याला ती नसल्यासारखीच होती. त्या पिढीतल्या कितीतरी डॉक्टरांना ही अडचण आली असणार, पण ती डोक्यात धरून पुढची तीस वर्षं काढणारा हा एकटाच.

लगेच यादवी युद्ध सुरू झालं. बिलिंग्ज सैन्यात सर्जन झाले. चान्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग या १८६३ च्या दोन्ही भीषण लढायांत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १८६४ च्या अखेरीस त्यांची बदली वॉशिंग्टनला, सर्जन जनरलच्या कार्यालयात झाली. तिथे एक छोटं ग्रंथालय होतं, दोनेक हजार पुस्तकांचं. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयं बंद झाली आणि त्यांच्या निधीतले सुमारे ८० हजार डॉलर उरले. ही रक्कम ग्रंथालयाला मिळाली. सरकारी खात्यात शिल्लक निधी कसा परत जातो हे रोज बघणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचं विशेष कौतुक वाटतं.

ग्रंथालयासाठी मिळालेली जागाही अशी-तशी नव्हती. लिंकन यांच्यावर जिथे गोळी झाडली गेली, ते फोर्ड थिएटर सरकारने ताब्यात घेऊन तिथे कार्यालयं केली होती. त्यातच पुस्तकं आली. बिलिंग्ज गावोगावच्या डॉक्टरांना पत्रं लिहीत: माळ्यावर पडलेले जुने अंक पाठवा, बदल्यात आमच्याकडच्या जादा प्रती घ्या. दूरच्या डॉक्टरांना ग्रंथालयातली पुस्तकं वाचायला पाठवायची सोयही झाली. १८९५ पर्यंत पुस्तकांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती.

पण नुसता साठा करून प्रबंधाच्या वेळची अडचण सुटणार नव्हती. रोज संध्याकाळी नियतकालिकांचे गठ्ठे बिलिंग्ज यांच्या घरी जात. ते प्रत्येक अंक चाळत आणि नोंद करण्याजोग्या लेखावर पेन्सिलीने खूण करत. दुसऱ्या दिवशी कारकून त्या लेखांची एकेक कार्डं लिहीत. मग ही कार्डं विषयवार आणि लेखकवार लावून अकारविल्हे एकच सूची तयार होई. ‘कॉलरा’ हा शब्द काढला की त्याखाली कारणं, उपचार, कुठल्या देशात कधी साथ आली, असे पोटविभाग. १८७६ साली त्यांनी नमुन्याची पुस्तिका छापून डॉक्टरांना पाठवली. डॉक्टरांनी लोकप्रतिनिधींमागे लकडा लावला, छपाईला पैसे मिळाले आणि १८८० मध्ये ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला खंड निघाला. पहिली मालिका १६ खंडांची, ती १८९५ ला पुरी झाली.

यात एक मेख होती. वर्षाला एक खंड म्हणजे शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं अक्षर पंधरा वर्षांनी शिळं. म्हणून ताज्या लेखांसाठी १८७९ मध्येच बिलिंग्ज आणि त्यांचे सहकारी डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केलं. नुसत्या याद्यांचं मासिक कोण विकत घेणार! ते सतत तोट्यात चाललं आणि १८९९ ला बंद पडलं. १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं.

याच काळात बिलिंग्ज जनगणनेतल्या जन्ममृत्यूच्या आकडेवारीचंही काम बघत. १८८० च्या जनगणनेचे तक्ते हाताने करायला सात-आठ वर्षं लागली. प्रत्येक माणसाची माहिती कार्डावर भोकं पाडून नोंदवावी आणि मोजणी यंत्राने करावी, असं त्यांनी हर्मन हॉलेरिथ नावाच्या तरुण इंजिनिअरला सुचवलं. हॉलेरिथ यांनी यंत्र बनवलं, १८९० च्या जनगणनेत ते चाललं आणि त्यांच्या कंपनीतूनच पुढे आयबीएम उभी राहिली. कल्पनेचं श्रेय त्यांनी स्वतः बिलिंग्जना दिलं, भागीदारीही देऊ केली. बिलिंग्जना ती नको होती. प्रश्न सुटला, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यांची बाकीची कामं एकेका माणसाला आयुष्यभर पुरतील अशी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची आखणी त्यांची. हवा खेळती ठेवण्यावर त्यांनी जेवढा भर दिला तेवढा आज कुणी देणार नाही, पण जंतुशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं. तिथे येण्याविषयी डॉ. विल्यम ऑस्लर यांना विचारायला ते गेले, तेव्हा बसलेसुद्धा नाहीत. दोन-चार मिनिटांत होकार घेऊन निघाले. १८९५ ला सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक झाले. तिच्या भव्य इमारतीचा पहिला आराखडा त्यांनी स्वतः रेखाटला होता. ती १९११ मध्ये उघडली आणि १९१३ च्या मार्चमध्ये ते गेले.

त्यांच्या सैनिकी ग्रंथालयाची १९५६ मध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाली. १९६४ मध्ये सूचीचं काम संगणकावर गेलं, १९७१ मध्ये टेलिफोनच्या तारांवरून शोधता येणारी मेडलाइन आली आणि १९९७ मध्ये पबमेड या नावाने ती वेबवर सगळ्यांना फुकट खुली झाली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद झालं, त्याची कुणाला फारशी उणीव भासली नाही. पबमेडवर आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. वेबवरच्या साध्या शोधात आणि यात एक फरक आहे. साधा शोध आपण टाकलेला शब्द आणि लोकांचा ओढा बघतो. पबमेडच्या बऱ्याच मोठ्या भागात मात्र लेख कशाबद्दल आहे हे ठरवून त्याला विषयाची ठरावीक नावं दिलेली असतात. हे काम आता बहुतांशी यंत्र करतं, पण रीत त्या पेन्सिलीच्या खुणांचीच.

मिरगीवरच्या शस्त्रक्रियेचे लेख आमचा निवासी डॉक्टर आता रात्रपाळीत मोबाइलवर क्षणात काढतो. यादी येते, सारांश येतो. त्यातल्या अनेक लेखांवर बोट ठेवलं की पैसे भरायचं पान उघडतं, आणि एका लेखाची किंमत कित्येकदा त्याच्या दिवसाच्या विद्यावेतनाहून जास्त असते. मग तो परदेशात गेलेल्या वर्गमित्राला मेसेज करतो: एवढा लेख पाठवशील का?