तुरुंग पत्करीन, पण नांदणार नाही!
डॉ. रखमाबाईंच्या चार वर्षांच्या न्यायालयीन लढ्याची कहाणी

प्रतिनिधी
मुंबई

पती-पत्नींमधील वाद न्यायालयात पोहोचला की तो केवळ दोन मनांचा राहत नाही. घर कोणाचे, दागिने कोणाकडे, पोटगी किती, वकिलाचा खर्च कोणी सोसायचा, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या उच्च न्यायालयात अशाच एका वादाने सारा देश ढवळून काढला. त्या वादातील प्रतिवादी होत्या पुढे डॉक्टर म्हणून नावारूपाला आलेल्या रखमाबाई. त्या काळी हिंदू कायद्यात घटस्फोटाची सोयच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. मात्र, १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपत असे. जयंतीबाईंनी विवाहापूर्वीच ती मालमत्ता मुलीच्या नावे केली. पुढच्या वादाचे एक मूळ येथेच रुजले.

सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. असे घर लाभूनही रखमाबाईंचा बालविवाह टळला नाही. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. दादाजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी सासरी राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. पण दादाजींचे मन अभ्यासात रमले नाही आणि ते आपले मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहावयास गेले. इकडे सखाराम अर्जुन यांनी कोवळ्या वयात मुलीला नांदावयास पाठविण्यास नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि पुस्तकांच्या सोबतीने वाढल्या.

नोटीस आणि दावा

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत नोटीस पाठवून पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली. पाठोपाठ दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा दाखल झाला. रखमाबाईंच्या बाजूने सांगण्यात आले, की दादाजींना पत्नीला पोसण्याइतकी कमाई नाही, त्यांची प्रकृती ठीक नाही आणि ज्या मामांच्या घरी नांदायचे ते घर नांदण्याजोगे नाही. अजाण वयात, संमतीविना झालेले लग्न आपल्यावर लादले जाऊ नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दाव्यामागे मालमत्तेचा मोह आहे, असे रखमाबाईंच्या पक्षाचे म्हणणे होते. उलट, मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरच्यांनीच तिला अडवून धरले, असा प्रत्यारोप दादाजींनी केला. १८८७ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिकाही छापली.

एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. ऐन खटल्याच्या तोंडावर रखमाबाईंचा मोठा आधार गेला. त्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह व सक्तीच्या वैधव्याविरुद्ध पत्रे प्रसिद्ध झाली. ती लिहिणारी लेखणी रखमाबाईंचीच होती.

दोन निकाल, दोन टोके

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पती-पत्नी कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा पुनःस्थापना कशाची, असा त्यांचा रोख होता. असा दावा मूळ हिंदू कायद्यातला नसून इंग्लंडमधून आलेला आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. खुद्द इंग्लंडमध्ये १८८४च्या कायद्याने असा हुकूम मोडणाऱ्याचा तुरुंगवास रद्द झाला होता. हिंदुस्थानात मात्र दिवाणी संहितेनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मालमत्तेची जप्ती होऊ शकत असे.

निकालाने सनातनी वर्तुळात खळबळ माजली. टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला आणि प्रकरण फेरसुनावणीस आले. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी महिन्याभरात पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. त्यांच्या साहाय्यासाठी समिती स्थापन होऊन निधी जमू लागला. लंडनच्या वृत्तपत्रांतही हा खटला गाजला.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. खर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाच्या अंमलबजावणीचा हक्क सोडला. तुरुंगवास टळला, पण विवाह कोणत्याही न्यायालयाने मोडला नाही. कायद्याच्या नजरेत रखमाबाई पत्नीच राहिल्या. दादाजींनी दुसरा विवाह केला. रखमाबाईंना ती वाट बंद होती.

डॉक्टर रखमाबाई

मग त्यांनी दुसरी वाट निवडली. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या. स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८९४ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सची एम. डी. पदवी मिळविली. परतल्यावर सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सेवा केली, नंतर राजकोटला. १९०४ मध्ये दादाजींच्या निधनाची वार्ता आल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी परिधान केली. ज्या नात्याविरुद्ध त्या चार वर्षे झगडल्या, त्याचा शेवट त्यांनी रूढीच्या वस्त्राने केला. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

खटल्याचे पडसाद कायद्यात उमटले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे केली. अशा दाव्यातील कैदेची तरतूद १९२३ मध्ये वगळण्यात आली. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. घटस्फोट, खटल्याचा खर्च व पोटगी यांच्या तरतुदी त्यात आल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीच्या रखमाबाईंनी मुंबईत अखेरचा श्वास घेतला.

मात्र, त्याच कायद्याच्या नवव्या कलमात दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा कायम राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान देण्यात आले. कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आज जी दाद मागता येते, तिच्यामागे मुंबईच्या एका तरुणीने दिलेला नकार आहे. तो विसरता कामा नये.