राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : खंजिरीपासून ग्रामगीतेपर्यंत

गाणे कंठातून निघते, क्षणभर श्रोत्यांची मने हेलावते आणि वाऱ्यावर विरून जाते. म्हणूनच अनेक गायक व कवी आपल्या आयुष्यभराच्या रचनांचा एकत्र संग्रह करून मागे ठेवतात. परंतु गीते एकत्र केली म्हणजे त्यांचे कार्यही टिकते काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपल्याच विदर्भात होऊन गेलेल्या एका लोकोत्तर पुरुषाचे चरित्र या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात 30 एप्रिल 1909 रोजी एका गरीब शिंप्याच्या घरी माणिक नावाचा मुलगा जन्मास आला. वडिलांचे नाव बंडोजी व आईचे मंजुळाबाई. घरी दारिद्र्य असल्यामुळे माणिकचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपले. तथापि वरखेड येथे आडकोजी महाराज या सत्पुरुषाचा सहवास त्यास लाभला व त्यांनीच त्याचे तुकड्या असे नामकरण केले. हेच तुकडोजी महाराज होत.

बालवयातच त्यांच्या मनात विरक्ती उत्पन्न झाली आणि घर सोडून ते रानावनात हिंडू लागले. त्या काळी चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही प्रदेश मिळून चांदा हा एकच जिल्हा होता. 1982 साली गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. या विस्तीर्ण जिल्ह्यातील चिमूरजवळचे रामदिघीचे अरण्य व गोंदोड्याची गुंफा ही महाराजांची तपोभूमी होय. मात्र अरण्यात गेलेला हा साधक अरण्यातच राहिला नाही. तो लोकांत परत आला आणि येताना त्याच्या हाती एक लहानसे वाद्य होते, ते म्हणजे खंजिरी.

खंजिरीच्या तालावर महाराज मराठी व हिंदी भजने गात. ही भजने ते स्वतः रचीत, आणि त्यांची संख्या काही हजारांच्या घरात जाते. गावोगाव त्यांचे भजन ऐकण्यास दाटी होई. देवभक्तीबरोबरच स्वच्छता, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतेचा त्याग व परस्परांतील ऐक्य हे विषय त्यांच्या गीतांत येत. 1935 साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पुढील वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सुमारे एक महिना सेवाग्रामास राहिले.

1942 साली या गीतांच्या सामर्थ्याची कठोर कसोटी लागली. महाराजांच्या भजनांनी चिमूर परिसरातील तरुणांत स्वातंत्र्याची ओढ निर्माण केली होती. 16 ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला व बालाजी रायपूरकर हा तरुण धारातीर्थी पडला. जमाव प्रक्षुब्ध होऊन काही सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर गावात लष्कर आले आणि ग्रामस्थांवर, विशेषतः स्त्रियांवर, घोर अत्याचार झाले. कित्येकांस फाशीची शिक्षा फर्माविण्यात आली. पुढे ती रद्द होऊन जन्मठेपेत बदलली गेली. महाराजांसही 28 ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे अटक झाली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांस डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले.

गीताने मने पेटतात, हे चिमूरने दाखविले. आणि पेटलेल्या गावास किती मोठे मोल द्यावे लागते, हेही दाखविले. स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रश्न निराळा होता. एका दिवसाचे शौर्य आता पुरेसे नव्हते. प्रतिदिनी गावाची उभारणी करावयाची होती. आयुष्यभर खंजिरीवर जे सांगितले, ते सारे महाराजांनी 1955 साली ‘ग्रामगीता’ या ग्रंथात एकत्र गोविले. 41 अध्याय व 4,675 ओव्या असलेला हा ग्रंथ त्यांनी गावालाच अर्पण केला आहे. ग्रामशुद्धी, आरोग्य, गोवंशाची सुधारणा, स्त्रियांची उन्नती, विवाहातील अनिष्ट चाली अशा नित्याच्या विषयांचा विचार त्यात साध्या ओवीतून केला आहे. अल्पशिक्षित शेतकऱ्यासही ती ओवी ऐकताच कळते. हा केवळ जुन्या रचनांचा संग्रह नव्हे. ऐकून झाल्यावर काय करावयाचे, याचे ते मार्गदर्शन आहे.

त्याच वर्षी महाराज जपानमधील विश्वशांती परिषदेस गेले आणि तेथेही त्यांची खंजिरी निनादली. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. 1962 व 1965 च्या युद्धप्रसंगी सैनिकांस धीर देण्यासाठी ते सीमेवरही गेले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांनी देह ठेवला. मोझरीस त्यांची समाधी आहे. 2005 साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्यास शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे शिकता आले नाही, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून आज सहस्रावधी विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात.

विद्यार्थिमित्रहो, पालकवर्गहो, महापुरुषाची गीते गाणे सोपे आहे. त्यांतील एखादे वचन आपल्या गल्लीत, विहिरीच्या काठी, घरच्या लग्नकार्यात आचरणे कठीण आहे. ग्रामगीता घरी असेल तर तिचा एक अध्याय वाचावा, आणि त्यात सांगितलेले निदान एक काम आपल्या गावी करून पाहावे. खंजिरीचा खरा नाद तेथेच ऐकू येईल.