सर्पगंधेचा हिशेब मांडणारे डॉ. रुस्तम वकील

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा आणि रात्रीचा सराफा आठवतो. पण औषधांच्या चाचण्यांच्या इतिहासातही या शहराचे नाव लिहिले गेले आहे. रुग्णांना पुरती कल्पना न देता त्यांच्यावर नव्या औषधांच्या चाचण्या होतात, अशी तक्रार घेऊन इंदूरची स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हापासून चाचणी हा शब्द ऐकला की सामान्य माणूस दचकतो. हे दचकणे स्वाभाविकच आहे. परंतु चाचणी झालीच नाही तर औषध खरे की खोटे हे कळायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या एका डॉक्टरांच्या चरित्रात सापडते.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 मध्ये मुंबईच्या पारशी समाजात झाला. आडनाव वकील, पण पेशा वैद्यकाचा. लंडनला शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हृद्रोगांचे काम पाहू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मीठ तोडावे, विश्रांती घ्यावी, फार झाले तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करावी, एवढेच उपाय होते. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण होतात, आतून चरबीचे थर साचतात आणि वाट अरुंद होत जाते. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अशी तुंबली की झटका येतो.

आपल्याकडे सर्पगंधेची मुळी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. 1931 मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लिहिलेही होते. अनेक भारतीय डॉक्टर ती वापरत होते. मग अडले कुठे? अडले ते हिशेबात. गुण येतो असे सगळे सांगत, पण बाहेरच्या जगाला पटेल अशी आकड्यांची नोंद पुढे येत नव्हती.

डॉ. वकिलांनी ती नोंद केली. रक्तदाबाचे 50 रुग्ण निवडून त्यांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या. औषधापूर्वी दाब किती होता आणि नंतर किती झाला, हे मोजून लिहिले. बहुसंख्यांचा दाब उतरला. 1949 मध्ये हा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि परदेशी डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तेथील रुग्णांवर तिचा अनुभव घेतला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. 1957 चे लास्कर पारितोषिक डॉ. वकिलांना मिळाले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने डॉ. वकिलांना पद्मभूषण दिले.

हिशेबाला जशी जमेची बाजू असते तशी खर्चाचीही असते. पुढे अनुभवाने दिसले की रिसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते. अधिक सोयीची औषधे निघाली आणि त्याचा वापर फार कमी झाला. पण यामुळे पहिली नोंद खोटी ठरत नाही. उलट, दोष दिसला तोही नोंद ठेवल्यामुळेच.

तुंबत चाललेल्या रक्तवाहिन्यांकडेही ते वळले. मोठा झटका येण्याआधी छातीत ज्या धोक्याच्या कळा येतात, त्यांचा अभ्यास त्यांनी केला. अशा रुग्णांना रक्त गोठू न देणारी औषधे दिल्यास झटका टळतो का, यावरचा त्यांचा निबंध 1964 मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच वर्षी हेलसिंकी येथे जागतिक वैद्यकीय संघटनेने माणसांवरील संशोधनाची नीती ठरवली. संशोधनाच्या हितापेक्षा माणसाचे हित मोठे, आणि त्याला सांगून, त्याच्या संमतीने काम करावे, हे तिचे सार.

डॉ. वकील 1974 मध्ये निवर्तले. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले. गोळी घेऊन दंडाला पट्टा बांधून घेणाऱ्या त्या 50 जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. खरे तर ते या शोधाचे भागीदारच होत.

भागीदाराला व्यवहार समजलाच पाहिजे, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. इंदूरच्या याचिकेवर 2013 मध्ये न्यायालयाने संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश दिला. 2019 च्या नियमांप्रमाणे लेखी संमती लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते.

उद्या आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपुढे असा कागद आला तर तो वाचून दाखवण्याचे काम बहुधा आपल्यावरच येईल. तेव्हा घाबरून तो फाडूही नये आणि डोळे मिटून त्यावर सहीही करू नये. औषध कोणते, धोका कोणता, भरपाई कोण देणार, हे विचारावे आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावे. मग हो म्हणायचे की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.