बर्ट मन्रो यांची मोटारसायकल

मुलांनो, मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानासमोरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. उघडलेले इंजिन, तेलाने काळे झालेले हात आणि फडक्यावर ओळीने मांडलेले नटबोल्ट तुम्ही पाहिले असतील. आज अशाच काळ्या हातांच्या एका माणसाची हकीकत वाचा.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांना लोक बर्ट म्हणत. त्यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथे झाला. नकाशा उघडून पाहा. दक्षिण बेटाच्या खालच्या टोकाजवळ हे शहर तुम्हांला सापडेल. वडील शेतकरी होते. बर्ट यांना मात्र लहानपणापासून वेगाचे वेड होते. घरातला सर्वांत चपळ घोडा ते शेतातून दौडवत आणि वडिलांची बोलणी खात.

१९२० साली त्यांनी 'इंडियन स्काउट' नावाची मोटारसायकल विकत घेतली. नावावरून फसू नका. 'इंडियन' ही अमेरिकेतील कंपनी होती. या गाडीचे इंजिन ६०० सीसीचे होते आणि तिला दोन सिलिंडर होते. ती ताशी सुमारे ८९ किलोमीटर वेगाने धावे. त्या काळी हा वेग काही कमी नव्हता. पण बर्ट यांचे समाधान होईना. १९२६ पासून त्यांनी गाडीत बदल करायला सुरुवात केली.

आता थोडे इंजिनाविषयी समजून घ्या. सिलिंडरच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात. पेट्रोल व हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह. स्काउटच्या इंजिनात हे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले होते. त्यामुळे पेट्रोलमिश्रित हवेला वळण घेऊन आत यावे लागे. पिस्टनच्या वर जळण्याची जागाही बाजूला पसरलेली असे. तिथे मिश्रण घट्ट दाबले जात नसे आणि ताकद कमी मिळे. व्हॉल्व्ह हेडमध्येच बसवले, तर वाट सरळ होते आणि दाबही वाढवता येतो.

बर्ट यांनी नेमके हेच केले. आपल्या जुन्या इंजिनासाठी त्यांनी वर व्हॉल्व्ह असलेली हेड घरीच तयार करून बसवली. वाचायला हे सोपे वाटते. पण जुने झाकण काढून नवे लावले की काम संपले, असे होत नाही. खालून वरपर्यंत व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या लांब दांड्या लागतात. हेड आणि सिलिंडर यांच्यामधून जराही हवा निसटून चालत नाही. एवढे सगळे जमले, तरी वाढलेला जोर पिस्टनवर येतो, पिस्टनकडून कनेक्टिंग रॉडवर येतो, आणि जो भाग कच्चा असेल तो तुटतो.

बर्ट यांचे असे कितीतरी भाग तुटले. दिवसा ते मोटारसायकली विकण्याचे काम करत आणि रात्री आपल्या शेडमध्ये बसत. हाताशी महागडी यंत्रे नव्हती. जुन्या डब्यांत धातू ओतून ते भाग ओतत. ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून त्यांनी हाताने कनेक्टिंग रॉड घडवले. बारीक माप घ्यायला ते चाकाचा जुना स्पोक वापरत. उर्दूत आपण ज्याला हुनर म्हणतो, तो हाच. तुटलेले पिस्टन आणि रॉड त्यांनी फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर ते मांडून ठेवले होते.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तिथे मोजले जातात. १९६२ साली बर्ट यांनी आपली गाडी तिथे नेली. त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. इंजिन आता ८५० सीसीचे झाले होते. ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेगाने त्यांनी आपल्या गटात विक्रम केला.

याच मैदानावर एकदा मोठा प्रसंग ओढवला. भरधाव गाडी डुलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून बर्ट उठून बसले, तोच वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवला. समोरचे काही दिसेना. शेवटी त्यांनी गाडी आडवी पाडली. ते वाचले. दुसरा कोणी असता, तर त्या मिठाकडे पुन्हा फिरकला नसता, असे मला वाटते.

१९६७ साली, ६८ वर्षांच्या बर्ट यांनी ४७ वर्षांच्या या गाडीवर १००० सीसीपर्यंतच्या गटात विक्रम केला. तेव्हा इंजिन ९५० सीसीचे होते. वेग नोंदला गेला ताशी २९५.४५ किलोमीटर. विक्रमासाठी जाताना आणि परत येताना, अशा दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. पात्रतेच्या एका फेरीत तर त्यांची गाडी ताशी ३०५ किलोमीटरच्याही पुढे गेली होती.

१९७७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांवर पूर्वीसारखा ताबा राहिला नाही. आपल्या गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलच्या हेज यांच्या हार्डवेअर दुकानाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

पुढे त्यांचे चिरंजीव जॉन यांना १९६७ च्या नोंदीतली हिशेबाची चूक दिसली. २०१४ साली ती दुरुस्त करण्यात आली. आता तिथे ताशी २९६.२६ किलोमीटर असे लिहिलेले आहे.