गास्ताँ प्लाँते आणि मामांची जीप

आमच्या मामांच्या जीपमध्ये ध्वनिक्षेपकासाठी दुसरी बॅटरी बसविली होती. दोन्ही बॅटऱ्या तारांनी कायमच्या जोडलेल्या, आणि आल्टरनेटर एकच. एका रात्री कार्यक्रम रंगला आणि पहाटे जीप सुरूच होईना. ध्वनिक्षेपकाने दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या केल्या होत्या. चूक कोठे झाली हे शोधताना मला गास्ताँ प्लाँते भेटला.

फ्रान्समधील ओर्थेझ येथे १८३४ साली त्याचा जन्म झाला. विसाव्या वर्षी तो पॅरिसमध्ये पदार्थविज्ञानाचा प्रयोग-साहाय्यक झाला. १८५५ मध्ये त्याला एका अजस्र प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात. पण त्याची खरी कीर्ती १८५९ सालची. शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न टेकता गुंडाळून त्याने सौम्य गंधकाम्लात बुडविले आणि त्यांतून वीज सोडली. मूळ वीज बंद केल्यावरही घट वीज देऊ लागला. रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येऊ लागला. १८६० मध्ये नऊ घटांची बॅटरी त्याने विज्ञान अकादमीपुढे मांडली.

पण घट भरायचा कशाने? उपयुक्त डायनामो अजून आला नव्हता. जस्त खाणारे आणि नत्राम्लाची वाफ सोडणारे बुन्सेनचे घटच हाताशी होते. एकाचा दाब दोन व्होल्टही भरत नसे, म्हणून त्याने दोन घट एकसर जोडले. त्या जोडीवर शिशाचे अनेक घट समांतर जोडून सावकाश भरले. मग जोडणी फिरवून ते एकसर केले, की मोठा दाब हाती येई. नवे पत्रे कामाजोगे व्हायला तर पुनःपुन्हा भरणे व रिकामे करणे चालू ठेवावे लागे. १८८१ मध्ये कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन ही दिरंगाई संपविली. १८८९ मध्ये प्लाँते वारला. तोवर डायनामो आला होता आणि त्याच्या घटाला खरा जोडीदार मिळाला होता.

मामांची चूक आता माझ्या ध्यानात आली. भरताना बॅटऱ्या समांतर हव्यात. आल्टरनेटरच्या सुमारे चौदा व्होल्टांवर प्रत्येक बॅटरी आपल्या गरजेपुरता प्रवाह घेते. पण वापरताना जोडणी बदलली पाहिजे, हे प्लाँतेला ठाऊक होते. आम्ही मध्ये एक रिले बसविला. इंजिन बंद झाले की तो दोन्ही बॅटऱ्यांना वेगळे करतो. ध्वनिक्षेपक आता हवा तितका वेळ गाऊ दे. पहाटे जीप सुरू होते.