धरण अडवणारा मेकॅनिकलचा विद्यार्थी

दादरला उतरून वेस्टला बाहेर पडलं की सेनापती बापट मार्ग लागतो. पुण्यात गेलात तर तिथेही सेनापती बापट रोड आहे. आपल्यापैकी कितीतरी जण सेकंडहँड पुस्तकं किंवा कपडे घ्यायला या भागात जातात, रिक्षावाल्याला "एस. बी. रोड" असं सांगतात. पण हे बापट कोण, आणि त्यांना सेनापती का म्हणतात, असं विचारलं तर बहुतेक जण एकमेकांकडे बघतील. कुठल्या तरी लढाईत असतील, असं उत्तर येईल. उत्तर बरोबर आहे, पण ती लढाई कुठल्या किल्ल्यासाठी नव्हती. ती सह्याद्रीतल्या भातशेतीसाठी होती. आणि मित्रांनो, हा सेनापती आपल्यासारखाच इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता!

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती साधारण, पण मुलगा हुशार. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते पदवीधर झाले. त्याच काळात देशासाठी आयुष्य द्यायचं अशी शपथ त्यांनी घेतली होती. मग शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरोच्या हेरियट-वॅट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकू लागले. जरा विचार करा, वर्ष १९०४, पारनेरचा मुलगा, समोर ड्रॉइंग बोर्ड आणि वाफेची इंजिनं. शिकून परत आला असता तर रेल्वेत किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत आरामात नोकरी मिळाली असती.

पण तिथे त्यांनी ब्रिटिश राज्यावर टीका करणारा निबंध वाचला आणि शिष्यवृत्ती बंद झाली. डिग्री अर्धवट राहिली. लंडनला इंडिया हाऊसमध्ये त्यांची सावरकरांशी ओळख झाली. पुढे पॅरिसला जाऊन हेमचंद्र दास यांच्यासोबत त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या शिकून घेतली. १९०८ मध्ये ते भारतात परतले आणि थोड्याच दिवसांत अलीपूर बाँब खटला सुरू झाला. पोलिस मागावर, म्हणून बापट भूमिगत झाले. सुमारे चार वर्षं ते नाव बदलून फिरत राहिले. १९१२ साली इंदूरला पकडले गेले, पण पुराव्याअभावी पुढे सुटले.

सुटल्यावर या माणसाने काय करावं? पारनेरला राहून पहाटे उठायचं आणि गावचे रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. त्या काळात ब्राह्मण घरातल्या, विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने हातात झाडू घेणं ही साधी गोष्ट नव्हती. लोक हसले असतील, नातेवाईक रागावले असतील. त्यांनी मात्र हे व्रत सोडलं नाही. पुढे पुण्यात त्यांनी वर्तमानपत्रात काम केलं, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशासाठीही काम केलं. आणि मग आला मुळशीचा प्रश्न.

आता इथे थोडं टेक्निकल समजून घेऊया, म्हणजे भांडण नक्की कशावरून होतं ते कळेल. हायड्रो पॉवरचं सूत्र आपण सगळ्यांनी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाठ केलंय. पाण्याची घनता, गुरुत्व त्वरण, डिस्चार्ज आणि हेड यांचा गुणाकार. सह्याद्रीची गंमत अशी की त्याच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो, आणि पश्चिमेला कडा एकदम कोकणात कोसळतो. म्हणजे हेड मिळतं जवळपास ५०० मीटर! एवढ्या हेडवर सेकंदाला फक्त एक घनमीटर पाणी सोडलं तरी कागदावर जवळजवळ पाच मेगावॅट निघतात. टर्बाईनचा लॉस धरला तरी चार कुठे गेले नाहीत. कुठल्याही इंजिनीअरच्या तोंडाला पाणी सुटेल अशी ही जागा. त्यामुळे टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधून पाणी पश्चिमेकडे वळवायचं आणि खाली वीज बनवायची अशी योजना आखली. १९१५ मध्ये खोपोली सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरी. तिसरा तलाव व्हायचा होता मुळशीला, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा जाळण्यापेक्षा पाण्याची वीज स्वस्त, धूरही नाही. आजच्या भाषेत ही चक्क ग्रीन एनर्जी. सगळं उत्तम. फक्त एक अडचण होती. त्या खोऱ्यात माणसं राहत होती.

पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे १० हजार मावळे. शिवाजी महाराजांबरोबर लढलेल्या मावळ्यांचे हे वंशज. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली खाचरात आंबेमोहोर तांदूळ, वर रान, देवराई, गुरं. पाणी, माती आणि जंगल हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. अशी जमीन पैसे देऊन दुसरीकडे विकत मिळत नाही. त्यात कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. तो म्हणायचा, सार्वजनिक कामासाठी जमीन घ्या, पैसे द्या, विषय संपला. माणसं कुठे जातील याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नव्हतं. शेतकऱ्यांना न विचारताच त्यांच्या शेतांत चर खणायला सुरुवात झाली होती, आणि विरोध करणाऱ्या शेतकऱ्यावर गोऱ्या साहेबाने पिस्तूल रोखलं अशीही हकीकत सांगतात.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. बायका होत्या, म्हातारे होते. गांधीजींनीही त्या वर्षी टाटांना फेरविचार करण्याची विनंती केली. कंपनीने काही महिने काम थांबवलं, पण डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा सुरू केलं. सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते खोऱ्यात फिरत होते आणि बापट या लढ्याचे पुढारी बनले. इथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. ही पदवी कुठल्या सरकारने दिली नाही, फौज मावळ्यांची आणि पदवीही त्यांचीच.

पण प्रत्येक लढाईत असतं तसं इथेही आतून भांडण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्या नावावर होती. कसणारा मावळा, मालक सावकार. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला नुकसानभरपाई चालणार होती. जशी रक्कम वाढली तसे सावकार लढ्यातून बाजूला झाले. मग हळूहळू शेतकरीही पैसे घेऊ लागले. करणार काय? धरणाची भिंत वर येत होती, घरात खाणारी तोंडं होती.

दोनदा तुरुंगात जाऊन आलेल्या बापटांना हे सहन होईना. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी आणि काही साथीदारांनी धरणाच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड टाकून, हातात शस्त्र घेऊन अडवली. आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. हा मार्ग गांधीजींना अजिबात मान्य नव्हता. आज आपल्यालाही वाटेल की शस्त्र हातात घेऊन त्यांनी स्वतःच्याच सत्याग्रहाची बाजू कमजोर केली. माझंही मत तसंच आहे. पण पळून न जाता शिक्षा भोगायला उभं राहणं, यातला प्रामाणिकपणा नाकारता येत नाही.

ही शिक्षा त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात काढली. आपल्या उल्हासनगरच्या मित्रांनी हे नाव घरी आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांची वसाहत कल्याण कॅम्पमध्ये झाली आणि १९४९ साली तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. घर, जमीन, गाव एका रात्रीत सुटणं म्हणजे काय, हे या शहराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मुळशीच्या मावळ्यांची गोष्ट सिंधच्या तुरुंगात बंद होती, आणि त्याच सिंधमधून वीसेक वर्षांनी विस्थापित माणसं आपल्या नदीकाठी आली. योगायोगच म्हणायचा.

बापट १९३१ मध्ये सुटले तेव्हा मुळशीचं धरण पूर्ण होऊन चार वर्षं झाली होती. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं होतं. लढा हरला होता. पण माणूस थांबला नाही. पुन्हा तुरुंग, मग सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम, हैदराबाद संस्थानातला सत्याग्रह, १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान. आणि त्यानंतरही आराम नाही. वयाच्या पंचाहत्तरीत गोवामुक्तीच्या लढ्यात उतरले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही पुढे होते. श्री अरविंदांच्या ग्रंथाचं मराठी भाषांतरही त्यांनी केलं. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. १९७७ मध्ये त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं.

मग मुळशीतून मिळालं काय? लगेच काहीच नाही. पण प्रश्न मेला नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. आणि तो १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आता जमीन घेण्याआधी लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा लागतो, आणि पुनर्वसन हा कायद्याचाच भाग आहे. म्हणजे मावळ्यांनी १९२१ मध्ये जे विचारलं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला नव्वदहून जास्त वर्षं लागली.

हा सगळा इतिहास मुळशीचा, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध रोजचा आहे. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली येते. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या बाकी नद्यांचे दगड दिसतात तेव्हाही उल्हास वाहत असते. कारण आंदर मावळातल्या टाटांच्या तलावाचं पाणी भिवपुरीच्या टर्बाईन फिरवून उल्हास नदीत सोडलं जातं. बदलापूरचं बॅरेज त्याच नदीवर आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना पाणी पुरवणारं एमआयडीसीचं बारवी धरण तर आपल्या शेजारीच आहे, आणि त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढली तशी मुरबाड तालुक्यातली गावं आणि पाडे पाण्याखाली गेले. आपण नळ उघडतो तेव्हा कुणाचं तरी शेत त्यात विरघळलेलं असतं.

याचा अर्थ धरणं नकोत असा नाही. वीज नको, पाणी नको असं म्हणणारा इंजिनीअर खोटं बोलतोय. पण आपल्याला डिझाईन शिकवताना कॅचमेंट शिकवतात, सिल्टेशन शिकवतात, फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात. कॅचमेंटमध्ये राहणारी माणसं मात्र कुठल्याच युनिटमध्ये येत नाहीत. डोंगरातलं जंगल आणि माती ज्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांना हाकलून दिलं तर तो डोंगर कोण सांभाळणार? झाडं गेली की माती वाहते, माती वाहिली की तलाव गाळाने भरतो, आणि शेवटी आपलंच हेड आणि आपलाच डिस्चार्ज कमी होतो. म्हणजे हा प्रश्न नुसता दयेचा नाही, तो इंजिनीअरिंगचासुद्धा आहे.

दोन-तीन वर्षांनी आपल्यातले काही जण एखाद्या साइटवर उभे असतील. हातात नकाशा असेल, त्यावर निळ्या रेघेने बुडीत क्षेत्र दाखवलेलं असेल. त्या रेघेच्या आत किती घरं आहेत, ती माणसं कुठे जाणार आहेत, आणि त्यांना कुणी विचारलंय का, एवढे तीन प्रश्न मीटिंगमध्ये मोठ्याने विचारले तरी पुरे. डिग्री अर्धवट राहिलेल्या एका मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने हेच प्रश्न विचारले होते. आपली डिग्री तर पूर्ण होणार आहे. (केटी सुटल्या तर!)

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल