स्टार ट्रेक फ्लॉप ठरवून बंद केली, पण पोरांनी तिचा गेम बनवला

१९ जून १९४७. कराचीहून इस्तंबूलला निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान सीरियाच्या वाळवंटात कोसळलं. विमानाला आग लागली. त्यात ड्युटीवर नसलेला एक पायलट होता. दुखापत झालेली असतानाही तो आगीतून प्रवाशांना बाहेर ओढत राहिला.

त्याचं नाव जीन रॉडनबेरी. वय २५.

जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या एल पासोचा. दुसऱ्या महायुद्धात त्यानं बी-१७ बॉम्बर उडवलेलं. या अपघातानंतर वर्षभरात त्यानं पॅन अ‍ॅम सोडलं. लिहायचं वेड डोक्यात होतं, पण पोटापाण्यासाठी तो लॉस एंजेलिस पोलिसात भरती झाला. फावल्या वेळात टीव्हीसाठी लिहिलं, जम बसला आणि १९५६ मध्ये पोलिसातली नोकरीही सोडली.

मालिका आली आणि बंदही पडली

८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर स्टार ट्रेक सुरू झाली. याआधी त्याचा पहिला पायलट एपिसोड चॅनलनं नाकारला होता. एंटरप्राइज यानावर काळी स्त्री, जपानी वंशाचा चालक, रशियन अधिकारी असे सगळे एकत्र. तेही शीतयुद्धाच्या काळात. माणसं आपसातली भांडणं विसरून पुढं जातील, हेच त्याला सांगायचं होतं.

पण रेटिंग पडलं. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरा सीझन मिळाला, तो शुक्रवारी रात्री १० वाजता. १९६९ मध्ये ७९ भागांवर गाशा गुंडाळला.

मग आला गेम

१९७१ मध्ये माइक मेफिल्ड नावाच्या शाळकरी पोरानं विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर स्टार ट्रेकचा गेम लिहिला. ग्राफिक्स वगैरे काही नाही, नुसती अक्षरं. ठरलेल्या मुदतीत क्लिंगॉनची जहाजं शोधून उडवायची. १९७३ मध्ये हा गेम बेसिक भाषेतल्या गेम्सच्या पुस्तकात छापून आला. मग काय, जिथं कॉम्प्युटर तिथं हा गेम. पुस्तकात बघून टाइप करता करता कित्येक पोरं प्रोग्रॅमिंग शिकली. इकडं मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवले जात होते, तेही हिट झाले.

१९७९ मध्ये सिनेमा आला, १९८२ मध्ये सेगाचा आर्केड गेमही आला.

गंमत बघा. रॉडनबेरीला स्टार ट्रेकमध्ये लष्करी थाट नको होता. पुढच्या सिनेमांवर त्यानं याच कारणानं आक्षेप घेतले, पण तोवर त्याला नावापुरता सल्लागार करून ठेवलं होतं. आणि गेममध्ये तर बहुतेक ठिकाणी गोळीबारच.

१९८७ मध्ये त्यानं नवी मालिका आणून पुनरागमन केलं. २४ ऑक्टोबर १९९१ ला त्याचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी इंटरप्लेचा 'स्टार ट्रेक: ट्वेंटी फिफ्थ अ‍ॅनिव्हर्सरी' आला. यात लढाई होतीच, पण खाली उतरल्यावर बोलून, डोकं लावून मार्ग काढायचा. नीट वागलात तर मोहिमेच्या शेवटी जास्त गुण. सीडी आवृत्तीत मूळ कलाकारांनी आवाज दिले.

रॉडनबेरीला हवा होता तसा गेम आला, पण तो बघायला रॉडनबेरीच नव्हता.

१९९७ मध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग रॉकेटमधून अंतराळात पाठवला गेला.